पाठीवरचं शिसं

अमरावतीच्या कॅम्पातल्या मैदानावर पुन्हा चुना मारायला सुरुवात झाली आहे. काल संध्याकाळी तिकडून चाललो होतो, तर दोन माणसं डबा आणि कुंचला घेऊन दोरीच्या खुंट्या पांढऱ्या करत होती आणि शामियान्याच्या जागेवरचं गवत भादरून झालं होतं. म्हणजे थंडी आली. इतरांना थंडी हुरड्यावरून कळते, जिनिंग-गिरण्यांच्या भोंग्यांवरून कळते, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेल्या कापसाच्या पुंजक्यांवरून कळते. मला ती त्या खुंट्यांवरून कळते. घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम. जुगाराविरुद्ध जाड अक्षरांत पत्रकं छापून ती अकोल्याच्या भिंतींना स्वतःच्या हाताने खळ लावून चिकटवणारा मी, त्या खुंट्या पाहत अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. मला कोणी हटकलं नाही. हटकावं असं कोणाला वाटलंही नाही, हे जास्त लागलं.

जो हंगाम आठवतो, त्या वेळी चळवळ थंडावली होती. हा शब्द आमच्याच पुढाऱ्यांचा. आधण थंडावतं, ताप थंडावतो. चळवळ थंडावते म्हणजे नेमकं काय होतं, असं मी भर बैठकीत विचारलं होतं आणि सगळे पानाच्या डब्याकडे पाहू लागले होते. माझ्याबरोबर कायदा मोडून सरकारी जंगलात गवत कापायला आलेल्यांपैकी एक जण कापूस बाजारात कारकून झाला, एक सासऱ्याच्या दुकानात गादीवर बसला, एक तुरुंगातच होता आणि त्याला भेटायला जाणारा मी एकटा उरलो होतो. छापखान्याच्या मागच्या खोलीत मी निजायचो. शाईच्या वासात झोप चांगली लागते असं मी लोकांना सांगायचो. ते खोटं होतं.

माघात अकोल्याला सभा घ्यायचं ठरलं, पण लोक येतील का, याचीच धास्ती. कोणीतरी म्हणालं, आबासाहेब बोलणार असतील तर येतील. म्हणून त्यांना घेऊन यायला मला अमरावतीला धाडलं.

आबासाहेब वलगावच्या शेतकरी घरातले, त्या घरातले पहिले वकील. कोर्टातसुद्धा वऱ्हाडीच बोलायचे. पुण्याकडच्या एका न्यायाधीशाने त्यावर नाक मुरडलं, तर त्यालाही वऱ्हाडीतच उत्तर दिलं होतं. दोनदा तुरुंगात गेले, वकिलीची सनद गेली, अकोला जिल्ह्यात पाऊल टाकायची बंदी झाली. मी शाळेत असताना त्यांचं भाषण ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलो नाही. माझ्या आयुष्याचं जे काही बरंवाईट झालं ते त्या एका संध्याकाळी झालं. आणि हा माणूस वर्षभर कुठल्याही व्यासपीठावर चढला नव्हता.

मी पोचलो तेव्हा ते ओट्यावर उन्हात संत्रं सोलत बसले होते. मांडीवर छापील कागद होता. मला वाटलं, ठराव असेल.

"बस," ते म्हणाले. "हे बारीक अक्षर मले दिसत नाई. चौथ्या शर्यतीत कोनाच्या पाठीवर किती वजन हाय, वाच बरं."

घरातून काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "पाहून घे बाप्पा तुह्या पुढाऱ्याले," त्या म्हणाल्या. "पयले लोकाईले हाकत होते, आता घोड्याईच्या मांगं हायेत. मी म्हनलं, येखादी गाय पाळा, दूध तरी देईन."

मी सभेचं सांगितलं. पाठ केलेलं सगळं बोललो. देश, कर्तव्य, लोकांची आशा. आबासाहेबांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. "शर्यती संपू दे. मंग सांगतो येतो का नाई ते. तवर राह्य इथंच." आणि कागदाची घडी घालत, "एकट्यानं जाऊन जाऊन कटाळलो मी."

मला राग आला. त्या काळात मला राग यायला फारसं काही लागत नसे. पण परत जाऊन अकोल्यात काय सांगणार? मी राहिलो.

पहिल्या शनिवारचं मैदान मला आजही जसंच्या तसं दिसतं. एका बाजूला शामियाना, खुर्च्या, मडमांच्या छत्र्या, बँडवाले. मधे घोडे पळायची वाट. आणि दोरीच्या या बाजूला आम्ही: धुळीत उभे असलेले कारकून, दुकानदार, टांगेवाले, कापूस विकून आलेले शेतकरी. एका मैदानाचे दोन देश. मी मनातल्या मनात मथळा जुळवायला घेतला. बुकीच्या फळ्यावर खडूने घोड्यांची नावं आणि भाव लिहिले होते. उसाच्या चरकाभोवती जमावी तशी माणसं फळ्याभोवती जमली होती.

"तू निवड येक," आबासाहेब म्हणाले. "पैसा नोको लावू. निस्ता निवड."

मी कागद पाहिला. प्रत्येक घोड्यापुढे वजनाचा आकडा. मी तेल्हाऱ्याकडचा, कापसाच्या काट्यापाशी लहानाचा मोठा झालेला. वजन काय ते मला शिकवायची गरज नव्हती. ज्याच्यावर ओझं कमी तो जास्त पळणार, यात कसलं गुपित? सगळ्यात कमी आकडा शोधला आणि त्या घोड्यावर बोट ठेवलं.

घोडे सुटले. माझा घोडा शेवटून पहिला आला, आणि तोही जरा उशिराने, जणू वाटेत कोणाशी दोन शब्द बोलून.

शेजारी एक बाई संत्र्यांची टोपली घेऊन बसत असे, राधाबाई. तिचा मळा वडाळीच्या तळ्याकडे होता. ती म्हणाली, "वकीलसाहेब, तुमच्या पाव्हन्याले सांगा, दोरीवर येवढा जोर नोको देऊ. त्यानं घोडा पुढं नाई जात."

मग आबासाहेबांनी समजावलं. हे वजन आपोआप पडत नाही. त्या कामाला एक साहेब नेमलेला असतो. तो प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती पाहतो आणि ठरवतो की कोण किती चांगला. जो चांगला त्याच्यावर जास्त वजन, जो कमी त्याच्यावर कमी, म्हणजे शेवटी सगळे बरोबरीने पळतील. स्वार हलका पडला तर खोगिराखालच्या कापडी खिशांत शिशाच्या पट्ट्या भरतात आणि काट्यावर तोलून घेतात.

"तुह्या घोड्यावर वजन कमी काऊन होतं?" त्यांनी विचारलं. "त्याच्यावर दया आली म्हनून? नाई. त्याच्याकून कोनाले कसली आशाच नोती म्हनून."

मी तिथल्या तिथे भांडलो. म्हणालो, हा तर उघड अन्याय आहे. चांगल्याला शिक्षा आणि नालायकाला सवलत. हेच तर हे सरकार आपल्याला करतंय. ते हसले. "हे पत्रकात लिव्हशील. लिव्ह. पन आधी घोडे पाहाले शीक."

आणि मी शिकलो. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. बुधवारी, गुरुवारी पहाटे धुकं असताना आम्ही मैदानावर जायचो. घोडे अंगावर झुली घालून फिरत असत, नाकातून वाफा येत. आबासाहेब कानाला मफलर गुंडाळून दोरीपाशी उभे राहायचे आणि मला एकच काम द्यायचे: कोणता घोडा मागचा पाय पुढच्या खुराच्या खुणेच्या पलीकडे टाकतो ते बघ. ते दिसायला मला बरेच दिवस लागले. मग एके दिवशी दिसलं आणि त्यानंतर ते न पाहणं जमेना. अजूनही रस्त्याने टांगा गेला की माझी नजर घोड्याच्या मागच्या पायावर जाते.

जमीन पाहायला शिकलो. आपली काळी माती थंडीत वाळते, भेगा पडतात. त्यांत मुरूम भरून पखालीने पाणी मारलं तरी दोरीकडची कड भुसभुशीतच राहते. जो घोडा त्या कडेने पळेल तो दमतो. लांब शर्यतीत जिंकलेला आखूड शर्यतीत कामाचा नसतो, हे शिकलो. मागच्या खेपेला पहिला आला म्हणून भुलायचं नाही. तो कोणाबरोबर पळाला होता ते पाहायचं.

"गाढवाईसंग पळून पयला आला तर त्यात काय मोठं?" आबासाहेब म्हणायचे.

"आपल्या कमिटीसारखं," मी म्हणालो.

त्यावर ते इतके हसले की ठसका लागला. त्या हंगामात त्यांना हसवलं याचा मला अजून आनंद आहे.

सगळ्यात अवघड धडा वेगळाच होता. ते दर शनिवारी एकच रुपया लावायचे, आणि तोही एकाच शर्यतीवर. बाकीच्या शर्यती नुसत्या पाहायचे. "ज्यात आपल्याले काई दिसत नाई, त्यात उभं राहाचं अन् पाहाचं. हारनारा मानूस हर शर्यतीत हात घालते." आता मला, ज्याचं प्रत्येक गोष्टीवर ठाम मत आणि त्यावर पत्रक तयार, हे कसं झेपावं? पण मी उभा राहायला शिकलो. माझ्या आयुष्यातल्या एवढ्या गप्प शनिवार-दुपारी दुसऱ्या कुठल्याच हंगामात नाहीत.

या सगळ्यात सभेचा विषय मी रोज काढायचो. जेवताना, चालताना, काकू चुलीवर भाकर थापत असताना. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "शर्यती संपू दे." मला कळत होतं की माघ जवळ येतोय, अकोल्यात लोक वाट पाहताहेत, आणि मी जर हात हलवत परत गेलो तर सभा तर बुडेलच, पण ज्याच्या शब्दावर मी शाळा सोडली तो माणूस माझ्यासाठी कायमचा घोड्यांच्या मैदानावरच राहील. मला सभेपेक्षा या दुसऱ्या गोष्टीचं भय होतं. हे तेव्हा कोणाला बोललो नाही. बोलायला कोण होतं?

आज सकाळी पुन्हा मैदानावर जाऊन आलो. घोडे आलेत. एक उंच काळा घोडा मागचा पाय सुरेख टाकतो. शेजारी उभं राहून ते ज्याला सांगावं असं कोणी नाही. आबासाहेब त्या हंगामानंतरच्या पावसाळ्यात गेले. काकू लेकीकडे चांदूर रेल्वेला असतात. राधाबाईच्या जागी दुसरी कोणी बसते आणि ती टोमणे मारत नाही, नुसती संत्री विकते. मैदानावर एकट्या माणसाचं एक वेगळंच होतं: शर्यत संपल्यावर सगळे कोणाकडे ना कोणाकडे वळतात, काही ना काही बोलतात, आणि आपण कागदाची घडी घालत राहतो. आबासाहेब मला का थांबवून घेत होते ते मला आत्ता, इतक्या उशिरा, अंगाने कळतंय.

शेवटचा शनिवार. भिंगरी नावाची एक घोडी होती, लहानखुरी, तांबूस अंगाची, आमच्या तेल्हाऱ्याकडच्या एका जमीनदाराची. विलायती घोड्यांत ती दिसायची म्हणजे लग्नाच्या पंगतीत शाळेतली पोर. पण हंगामभर जिंकत आली होती, आणि दर विजयाला साहेबाने तिच्यावर शिसं वाढवलं होतं. त्या दिवशी कागदावर सगळ्यात मोठं वजन तिच्यापुढे होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ही गावठी घोडी साहेबांच्या घोड्यांना हरवते म्हणून तिला दाबून मारायचं हे कारस्थान आहे, मी आजच लिहितो, अर्ज करतो, वजन कमी करा म्हणून सह्या गोळा करतो.

आबासाहेब माझ्याकडे वळले. त्यांचा तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

"अर्ज कर," ते म्हणाले. "अन् त्यात लिव्ह का आमची घोडी तुमच्यापेक्षा कमी हाय, तिच्यावर दया करा. अरे, हा साहेब आपल्या तोंडानं कधी म्हनते का, तुमचं काई आमच्यापेक्षा बरं हाय? कोर्टात म्हनते? कचेरीत म्हनते? या येका कागदावर त्यानं छापून देल्लं हाय. कमी कराले सांगू नोको."

घोडे सुटले. भिंगरी पुढेच होती. शेवटच्या वळणानंतर दोन उंच घोडे बाहेरून आले. तिची मान खाली-वर होऊ लागली, पाय लहान पडू लागले. ती तिसरी आली. आमच्या बाजूचे लोक फळ्याकडे वळू लागले. मग एकट्या आबासाहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हळूहळू, न थांबता. मी विचारलं, तुमचा रुपया तिच्यावर होता का? नाही म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कशावरच पैसे लावले नव्हते.

परत येताना आम्ही माळीपुऱ्याच्या वाटेने चाललो. वाफ्यांत पाणी सोडलेलं, शेवंतीचा वास. त्यांनी चालता चालता सांगितलं, जसं कोणी बाजारभाव सांगावा.

"दिवाईच्या टायमाले मले सनद वापस भेटली. मांगतली नोती मी. कागद आला, का आता तुमी वकिली करू शकता. जिल्हाबंदी त्याच्या आधीच उठली. समोरच्या पानठेल्यावर माह्यावर नजर ठेवाले येक शिपाई बसे, आठवते? तीन वर्षं बसला. त्याच्या पोरीच्या लग्नाले तुही काकू गेली होती. त्यालेही उठोलं. मी आठ दिवस वाट पाह्यली का दुसरा येईन. नाई आला कोनी." थोडं अंतर गेलो. "माह्यावरचं शिसं काढून घेतलं, लेका. समदं. म्हनून मी मैदानावर जातो. ज्याच्यावर अजून वजन हाय अशे जनावरं पाहाले."

मलाही एकदा पकडलं होतं. न्यायाधीशाने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, घरी जा, अभ्यास कर. लोकांना मी ते हसण्यावारी सांगतो. त्या वाटेवर प्रथम कळलं की मला ते का विसरता येत नाही. माझ्यावर तर कधी कोणी काही ठेवलंच नव्हतं.

माळीपुरा मागे पडल्यावर मी विचारलं, "आबासाहेब, सगळ्यात कमी वजनाचा घोडा कधीच येत नाही का पुढं?"

"येते. कधी मधी."

"मग त्याच्यावर पैसे कोण लावतं?"

"लावते येखादा येडा," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. घर आलं होतं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना ते म्हणाले, "माह्या धोतराची घडी काढून ठेव. अकोल्याले जा लागते."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "घोड्याईनं सुटी देल्ली वाट्टे," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

अकोल्याची सभा मोठी झाली असं नंतर आमच्या कमिटीने सांगितलं. मी तिथे होतो. पुढच्या दोन सतरंज्या भरल्या, बाकीच्या गुंडाळलेल्याच राहिल्या. बाजार उठला होता आणि बरेच जण कडेला सायकल धरून उभे होते, म्हणजे जायच्या तयारीत. व्यासपीठाच्या खाली डाव्या हाताला आम्ही रिवाजाप्रमाणे एक टेबल आणि खुर्ची मांडली होती. भाषण उतरून घ्यायला पोलिसांचा माणूस येई, त्याच्यासाठी. पूर्वी आबासाहेबांच्या सभेला असे दोघे येत, एकाचा हात दुखला तर दुसरा. त्या संध्याकाळी खुर्चीवर कोणी नव्हतं.

आबासाहेब उभे राहिले. त्यांनी लोकांकडे पाहायच्या आधी त्या खुर्चीकडे पाहिलं. मी पाहत होतो, म्हणून सांगतो. मग बोलायला लागले. वाक्यं बरोबर होती, पण आवाज ओट्यावर बसून बोलावं तसा. मागून कोणीतरी म्हणालं, "जोरानं बोला बाप्पा, आयकू नाई येऊन राह्यलं." ते मधेच थांबले. पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. कडेच्या दोन सायकली निघून गेल्या.

मी व्यासपीठावरून खाली उतरलो, त्या खुर्चीवर जाऊन बसलो. खिशात सभेचीच उरलेली पत्रकं होती. ती पालथी घालून कोऱ्या बाजू वर केल्या आणि पेन्सिल काढली. सतरंजीवर कोणीतरी हसलं. आमचे अध्यक्ष मला हातानेच विचारत होते की हे काय चाललंय. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आबासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि वाकून खाली पाहिलं.

"सरकारातून आले का आपन?" त्यांनी विचारलं.

"नाई साहेब," मी म्हणालो. "खाजगीतून."

"नाव बराबर लिव्हजा माहं."

"लिवलं."

ते सरळ उभे राहिले. मग जे बोलले त्याला आधीच्या दिवसांत दोन वर्षांची शिक्षा नक्की होती. सायकलवाले सायकली झाडाला टेकवून पुढे आले. माझी पेन्सिल मागे पडू लागली, बोटं दुखू लागली, आणि हळू बोला असं काही मी त्यांना म्हणालो नाही.